गंभीर आजारपण आणि ख्रिस्तसभेची शिकवण : रुग्णाभ्यंग, उपचारांची मर्यादा आणि दयामरण

वैद्यकशास्त्राच्या प्रगतीमुळे आज मृत्यूची घटिका पुष्कळ लांबविता येते. कृत्रिम श्वसनयंत्र, डायलिसिस, नळीवाटे दिले जाणारे अन्न या साधनांनी असंख्य रुग्णांना जीवदान दिले आहे. त्याच साधनांनी आपल्या कुटुंबांपुढे पूर्वीच्या पिढ्यांना ठाऊक नसलेले प्रश्नही उभे केले आहेत. अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या मुलाला डॉक्टर विचारतात, "यंत्र चालू ठेवायचे की काढायचे?" काढा म्हटले तर आपणच आईला मारले असे होईल का, ही शंका त्याला पोखरते. चालू ठेवा म्हटले तर आईचे हाल आणि घरावरचे कर्ज दोन्ही वाढत जातात. या ओढाताणीत धर्मगुरूंना बोलवावे की नाही, बोलावले तर आई घाबरेल का, या विचारातही कित्येकदा वेळ निघून जातो.

या प्रश्नांवर ख्रिस्तसभेची शिकवण स्पष्ट आहे, मात्र ती सर्व भाविकांपर्यंत पोहोचलेली नाही. नीतिशास्त्र, उपासना आणि धर्मशिक्षण हे ईशज्ञानाचे वेगवेगळे विषय असले तरी रुग्णशय्येपाशी ते एकत्र येतात. म्हणून रुग्णाभ्यंग संस्कार, उपचारांची मर्यादा आणि दयामरण या तिन्हींची माहिती आम्ही येथे एकत्रितपणे देत आहोत. या शिकवणुकीचे सूत्र थोडक्यात असे आहे : रुग्णाचा जीव घ्यावयाचा नाही, त्याचे मरण बळाने रोखून धरावयाचे नाही आणि त्याला एकटे सोडावयाचे नाही.

रुग्णाभ्यंग : संस्काराचा इतिहास

प्रभू येशूने पाठविलेल्या बारा प्रेषितांनी अनेक रुग्णांना तेल लावून बरे केले, असे संत मार्कच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात सांगितले आहे. संत याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात तर स्पष्ट आज्ञाच आहे : कोणी आजारी असेल तर त्याने ख्रिस्तसभेच्या वडीलजनांना बोलवावे, त्यांनी प्रभूच्या नावाने त्याला तेल लावून प्रार्थना करावी. येथे आजारी माणसाचा उल्लेख आहे, मरणोन्मुख माणसाचा नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे. पोप पहिले इनोसंट यांनी इ. स. ४१६ मध्ये लिहिलेल्या पत्रातही बिशपांनी आशीर्वादित केलेल्या या तेलाचा उल्लेख रुग्णांसंबंधातच येतो.

पुढील शतकांत हा संस्कार मृत्युशय्येवरील पापनिवेदनाशी जोडला गेला. त्या काळी प्रायश्चित्ते कडक असत, त्यामुळे लोक ती आयुष्याच्या अखेरीवर ढकलत आणि त्यांच्याबरोबर अभ्यंगही अखेरीवर गेला. बाराव्या शतकापासून 'अंतिम अभ्यंग' हे नाव रूढ झाले. ट्रेंट येथील विश्वपरिषदेने १५५१ साली या संस्काराविषयी शिकवण दिली, तेव्हा मसुद्यात हा संस्कार 'केवळ' मरणासन्नांसाठी आहे अशी शब्दयोजना होती. परिषदेने ती बदलून 'विशेषतः' असा शब्द घातला. मरणासन्नांखेरीज इतर रुग्णांसाठी दार त्या वेळीही उघडे ठेवण्यात आले होते, व्यवहारात मात्र ते जवळजवळ बंदच राहिले.

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज संमत केला. या संस्काराला 'रुग्णांचा अभ्यंग' म्हणणे अधिक उचित आहे आणि तो केवळ शेवटच्या घटका मोजणाऱ्यांसाठी नाही, असे त्यात नमूद आहे. आजारपणामुळे किंवा वार्धक्यामुळे एखाद्याच्या जिवाला धोका निर्माण होऊ लागला की संस्काराची योग्य वेळ आलेली असते.

त्यानुसार पोप सहावे पॉल यांनी ३० नोव्हेंबर १९७२ रोजी संस्काराचा विधी नव्याने घालून दिला. पूर्वी डोळे, कान, नाक, ओठ, हात व पाय यांना तेल लावले जात असे. आता धर्मगुरू रुग्णाच्या मस्तकावर मूकपणे हात ठेवतात आणि मग कपाळाला व हातांना तेल लावून प्रार्थना म्हणतात. जेथे ऑलिव्हचे तेल मिळणे कठीण आहे तेथे दुसरे कोणतेही वनस्पतिजन्य तेल वापरण्याची मुभा त्याच वेळी देण्यात आली. हे तेल बिशपमहोदय पवित्र सप्ताहातील तेलाशीर्वादाच्या मिस्सामध्ये आशीर्वादित करतात. त्यामुळे रुग्णाच्या खोलीत धर्मगुरू एकटे आले तरी त्या तेलाबरोबर अवघा धर्मप्रांत तेथे आलेला असतो.

हा संस्कार कोणाला व केव्हा

जाणतेपणाचे वय गाठलेल्या आणि गंभीर आजाराने वा वार्धक्याने धोक्याच्या स्थितीत आलेल्या प्रत्येक कॅथोलिक भाविकाला हा संस्कार घेता येतो. गंभीर आजारासाठी मोठी शस्त्रक्रिया होणार असेल तर तिच्याआधी तो घेणे उचित आहे. निश्चित असा मोठा आजार नसला, पण वृद्धापकाळामुळे शक्ती झपाट्याने क्षीण होत असेल, तरीही तो घेता येतो. बरे वाटल्यावर माणूस पुन्हा गंभीर आजारी पडला किंवा त्याच आजारात प्रकृती अधिक बिघडली, तर संस्कार पुन्हा दिला जातो. आयुष्यात एकदाच मिळणारा हा संस्कार आहे, हा समज खरा नाही.

रुग्ण बेशुद्ध असला तरी त्याला संस्कार देता येतो, मात्र शुद्धीवर असता तर त्याने तो मागितला असता असे मानावयास जागा हवी. मृत्यू झाला आहे की नाही याविषयी शंका असल्यासही संस्कार दिला जातो. मृत्यू निश्चितपणे झालेला असेल तर धर्मगुरू संस्कार देत नाहीत, मृतात्म्यासाठी प्रार्थना करतात. उशिरा बोलावल्यामुळे किती कुटुंबांना या शेवटच्या पर्यायावर समाधान मानावे लागते, हे सर्व धर्मग्रामांत ठाऊक आहे.

या संस्कारात पापक्षमेचा अंतर्भाव असल्यामुळे तो फक्त धर्मगुरूच देऊ शकतात. उपधर्मगुरू, धर्मभगिनी वा प्रापंचिक सेवक प्रार्थना करू शकतात, पवित्र ख्रिस्तशरीर आणू शकतात, पण अभ्यंग देऊ शकत नाहीत. संस्काराने रुग्णाला शांती व धैर्य लाभते, त्याचे दुःख ख्रिस्ताच्या दुःखसहनाशी जोडले जाते, पापनिवेदन करता आले नसल्यास पापांची क्षमा होते आणि परमेश्वराच्या इच्छेनुसार शरीरालाही आरोग्य लाभू शकते.

मरणासन्नांसाठी ख्रिस्तसभेचा खास संस्कार वेगळाच आहे. तो म्हणजे पवित्र ख्रिस्तशरीर, या जगातून पित्याकडे निघालेल्या प्रवाशाची वाटेची शिदोरी. रुग्णाला गिळता येत असतानाच ती देता येते, म्हणूनही विलंब करू नये.

पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९२ साली जागतिक रुग्णदिन जाहीर केला. ११ फेब्रुवारीला, लूर्ड्सच्या मातेच्या सणादिवशी, अनेक धर्मग्रामांत सामुदायिक रुग्णाभ्यंग होतो. हा चांगला प्रघात आहे. परंतु किरकोळ सर्दी-पडसे असलेल्यांनी किंवा धडधाकट माणसांनी केवळ आशीर्वाद म्हणून त्या रांगेत उभे राहणे योग्य नव्हे. त्यांच्यासाठी आजाऱ्यांचा साधा आशीर्वाद आहे.

साधारण आणि असाधारण उपाय

आता उपचारांच्या प्रश्नाकडे वळू. जीवन ही परमेश्वराची देणगी आहे, म्हणून ते जपणे हे कर्तव्य आहे. पण ते कोणत्याही किमतीवर जपलेच पाहिजे का? या प्रश्नाचा विचार ख्रिस्ती ईशज्ञानात कृत्रिम श्वसनयंत्रे येण्याच्या कित्येक शतके आधीपासून चालत आलेला आहे.

सोळाव्या शतकात स्पेनमधील सालामान्का विद्यापीठात शिकविणारे डॉमिनिकन धर्मगुरू फ्रान्सिस्को दे व्हितोरिया यांनी म्हटले की, माणसाने रोजचे साधे अन्न घेऊन जीव राखावा. वैद्याने सांगितले तरी महागडे पदार्थ खाण्याची सक्ती त्याच्यावर नाही. त्यांचे सहकारी दोमिंगो दे सोतो यांनी अवयव कापण्याच्या शस्त्रक्रियेचे उदाहरण घेतले. त्या काळी भूल देण्याची सोय नव्हती. असल्या भयंकर यातना सोसण्यास कोणालाही बांधील धरता येत नाही, असे त्यांचे मत होते. याच चर्चेतून 'साधारण' आणि 'असाधारण' उपाय हा भेद पुढे आला. साधारण उपाय स्वीकारणे कर्तव्य आहे, असाधारण उपाय स्वीकारण्याची मोकळीक आहे पण सक्ती नाही.

एखादा उपाय साधारण की असाधारण, हे केवळ यंत्राच्या नावावरून ठरत नाही. भूल मिळू लागल्यावर तीच शस्त्रक्रिया अनेकांसाठी साधारण ठरली. न्यूमोनिया झालेल्या तरुणाला चार दिवस श्वसनयंत्रावर ठेवणे हा साधारण उपाय असू शकतो. सर्व अवयव निकामी होत चाललेल्या, कर्करोगाच्या अखेरच्या अवस्थेतील रुग्णासाठी तेच यंत्र असाधारण ठरते.

पोप बारावे पायस यांनी २४ नोव्हेंबर १९५७ रोजी भूलतज्ज्ञांसमोर केलेल्या भाषणात हे तत्त्व आधुनिक यंत्रांना लागू केले. स्वतःवर वा इतरांवर अतिभार न टाकणारे उपाय तेवढे कर्तव्याचे आहेत, ते व्यक्ती, स्थळ, काळ आणि संस्कृती यांनुसार बदलतात, आणि आशा उरली नसताना श्वसनयंत्र थांबविणे हे दयामरण नव्हे, असे त्यांनी स्पष्ट केले. श्रद्धासिद्धांत मंडळाने ५ मे १९८० रोजी दयामरणाविषयी काढलेल्या घोषणापत्रात आणखी नेमके निकष दिले : उपचार कोणता, तो किती गुंतागुंतीचा व जोखमीचा, त्याचा खर्च किती, आणि रुग्णाच्या शारीरिक व मानसिक बळाचा विचार करता त्यापासून मिळणारे फळ किती. कुटुंबावर वा समाजावर अवाजवी खर्चाचा बोजा पडू नये, ही रुग्णाची इच्छाही त्या घोषणापत्राने रास्त मानली आहे. जमीन गहाण टाकून निष्फळ उपचार चालू ठेवले नाहीत म्हणून स्वतःला दोष देणाऱ्या आपल्याकडील कुटुंबांनी हे अवश्य जाणून घ्यावे.

निर्णय शक्यतो रुग्णाने स्वतः घ्यावयाचा आहे. तो असमर्थ असेल तर त्याच्या वतीने अधिकार असलेल्यांनी, त्याची रास्त इच्छा आणि हित ध्यानात घेऊन निर्णय घ्यावा, असे १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथात सांगितले आहे. पोप दुसरे जॉन पॉल यांची प्रकृती २००५ च्या मार्चअखेर अतिशय खालावली, तेव्हा त्यांना पुन्हा रुग्णालयात हलविण्यात आले नाही. व्हॅटिकनमधील निवासस्थानीच त्यांना रुग्णाभ्यंग देण्यात आला आणि २ एप्रिल रोजी त्यांचे देहावसान झाले. मरण स्वीकारणे आणि मरण ओढवून घेणे यांतील अंतर जगाने त्या वेळी पाहिले.

दयामरण कशाला म्हणावे

पोप दुसरे जॉन पॉल यांच्या २५ मार्च १९९५ च्या 'इव्हांजेलियुम व्हिते' या विश्वपत्रात दयामरणाची व्याख्या दिली आहे. सर्व दुःख संपविण्याच्या हेतूने, स्वभावतः आणि हेतुपुरस्सर मृत्यू घडवून आणणारी कृती किंवा टाळाटाळ म्हणजे दयामरण. ते परमेश्वराच्या आज्ञेचा गंभीर भंग आहे, कारण निरपराध मानवी व्यक्तीचा तो जाणूनबुजून केलेला वध ठरतो. रुग्णाने स्वतः विनंती केली, कायद्याने परवानगी दिली किंवा नातलगांचा हेतू करुणेचा असला, तरी कृतीचे स्वरूप बदलत नाही.

नेदरलँड्स व बेल्जियम या देशांत २००२ पासून आणि कॅनडात २०१६ पासून अशा मृत्यूला कायद्याची मान्यता आहे. आपल्यापैकी कित्येकांचे आप्त परदेशी राहतात, त्यामुळे हा प्रश्न आपल्याही घरात येऊ शकतो. श्रद्धासिद्धांत मंडळाच्या २०२० मधील 'सामारितानुस बोनुस' या पत्रात याविषयी धर्मगुरूंना मार्गदर्शन आहे. दयामरणाचा निर्णय घेतलेल्या व्यक्तीला, तिने तो निर्णय मागे घेतल्याविना, पापक्षमा व रुग्णाभ्यंग देता येत नाही. तथापि तिची साथ सोडावयाची नाही, तिचे ऐकून घ्यावयाचे आहे, तिच्या मनःपरिवर्तनाची वाट पाहावयाची आहे. एप्रिल २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'दिग्नितास इन्फिनिता' या घोषणापत्रातही दयामरण व साहाय्यित आत्महत्या यांची गणना मानवी प्रतिष्ठेच्या उल्लंघनांत केली आहे.

अन्न, पाणी आणि वेदनाशमन

उपचार थांबले तरी शुश्रूषा थांबत नाही. अन्न आणि पाणी यांविषयी ख्रिस्तसभेची भूमिका विशेष काळजीपूर्वक समजून घ्यावी. पोप दुसरे जॉन पॉल यांनी २० मार्च २००४ रोजी सांगितले की, दीर्घकाळ बेशुद्धावस्थेत असलेल्या रुग्णाला नळीवाटे दिलेले अन्न-पाणीसुद्धा तत्त्वतः साधारण शुश्रूषाच होय. श्रद्धासिद्धांत मंडळाने २००७ साली हे पुन्हा स्पष्ट केले. ते बंद करून रुग्णाला भुकेने व तहानेने मरू देणे योग्य नव्हे. मात्र मृत्यू अगदी जवळ आला असता शरीर अन्न पचवू शकत नाही किंवा नळीमुळेच त्रास होऊ लागतो. अशा वेळी ते थांबविता येते, कारण त्याचा हेतूच सफल होत नाही.

वेदनाशमनाबाबतही गैरसमज आहेत. दुःखसहनाला ख्रिस्ती जीवनात अर्थ आहे, म्हणून औषध नाकारावे असे ख्रिस्तसभा सांगत नाही. दुसरा उपाय नसेल तर आयुष्य काहीसे कमी होण्याची शक्यता असली तरी वेदनाशामक औषध देता येते, असे पोप बारावे पायस यांनी फेब्रुवारी १९५७ मध्येच सांगितले होते. हेतू वेदना शमविण्याचा असावा, मृत्यू घडविण्याचा नसावा, एवढीच अट आहे. आपल्या देशात १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यामुळे मॉर्फिन मिळणे फार अवघड झाले होते. २०१४ च्या दुरुस्तीने ती प्रक्रिया सुलभ केली.

या क्षेत्रात आपल्या मुंबईचे उदाहरण उल्लेखनीय आहे. कर्करोगतज्ज्ञ डॉ. लुईस डिसोझा यांनी १९८६ साली वांद्रे येथे 'शांती आवेदना सदन' सुरू केले. बरे होण्याची आशा नसलेल्या कर्करुग्णांसाठीचे हे भारतातील पहिले सेवासदन होय. पुढे गोवा व दिल्ली येथेही त्याची केंद्रे निघाली. दयामरणाच्या मागणीला ख्रिस्तसभेने द्यावयाचे उत्तर अशा सेवासदनांत प्रत्यक्ष पाहावयास मिळते.

भारतीय कायदा

परळच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी अमानुष हल्ला झाला. तेव्हापासून १८ मे २०१५ रोजी निधन होईपर्यंत रुग्णालयातील परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनी त्यांची शुश्रूषा केली. त्यांना मरू द्यावे या मागणीचा अर्ज सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी फेटाळला. मात्र काही अटींवर जीवरक्षक उपचार थांबविण्याची वाट त्याच निकालाने खुली केली. ९ मार्च २०१८ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने 'लिव्हिंग विल', म्हणजे उपचारांविषयीचे पूर्वलिखित इच्छापत्र, वैध ठरविले. २४ जानेवारी २०२३ रोजी त्याची प्रक्रिया सोपी करण्यात आली. प्रौढ व सुजाण व्यक्तीने दोन साक्षीदारांसमोर सही करून, नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून हे पत्र साक्षांकित करून घ्यावयाचे असते. उपचार थांबविण्यापूर्वी डॉक्टरांच्या दोन मंडळांची संमती लागते. इंजेक्शन देऊन मृत्यू घडविणे आपल्या देशात गुन्हाच आहे.

न्यायालयीन भाषेत या सर्वांस 'निष्क्रिय दयामरण' म्हटले जाते आणि तेथेच घोटाळा होतो. निष्फळ यंत्रोपचार थांबविणे ख्रिस्तसभेच्या दृष्टीने दयामरणच नव्हे. स्थिर प्रकृतीच्या रुग्णाचे अन्न-पाणी तोडणे मात्र कायद्याने चालत असले तरी आपल्याला चालणार नाही. म्हणून असे इच्छापत्र करणाऱ्या कॅथोलिक व्यक्तीने त्यात चार गोष्टी स्पष्ट लिहाव्यात : निष्फळ व अतिभाराचे उपचार नकोत, शरीराला उपयोग होत आहे तोवर अन्न-पाणी द्यावे, वेदनाशमन करावे आणि धर्मगुरूंना वेळेवर बोलवावे. इच्छापत्र करण्याची सक्ती मात्र कोणावरही नाही.

कुटुंबीयांसाठी काही सूचना

१. गंभीर आजाराचे निदान होताच धर्मग्रामात कळवावे. रुग्ण बोलू शकतो तोवर पापनिवेदन, रुग्णाभ्यंग व ख्रिस्तशरीर ही तिन्ही व्यवस्थित होतात. पापनिवेदनासाठी थोडा वेळ खोली मोकळी ठेवावी.

२. "फादर आले म्हणजे आता संपले" ही भीती आपण बोलण्यातून पसरवतो. धर्मगुरू बळ देण्यासाठी येत आहेत, असे रुग्णाला आधीच शांतपणे सांगावे.

३. घरी स्वच्छ मेजावर पांढरे कापड, क्रूस व मेणबत्ती ठेवावी. रुग्णाला प्राणवायू लावलेला असेल तर मेणबत्ती पेटवू नये.

४. डॉक्टरांना स्पष्ट विचारावे : या उपचाराने रुग्ण बरा होईल की फक्त मरण लांबेल? त्रास किती होईल? किती दिवस लागतील आणि खर्च किती येईल? न केल्यास काय होईल? त्यानंतर स्वतःला विचारावे : रुग्णाची स्वतःची इच्छा काय असती?

५. यंत्र काढण्याचा निर्णय झाला तरी तोंड ओले करणे, कूस बदलणे, अंग पुसणे, वेदना शमविणे आणि हात धरून प्रार्थना करणे हे शेवटपर्यंत चालू राहिले पाहिजे.

६. भावंडांत मतभेद असतील तर निर्णयाआधी धर्मगुरूंशी बोलावे. धर्मगुरू डॉक्टरांची जागा घेणार नाहीत, पण मनावरचे अपराधाचे ओझे आणि खरे कर्तव्य यांतील फरक दाखवू शकतील.

श्रद्धेने व सद्सद्विवेकाने, डॉक्टरांचा सल्ला घेऊन, रुग्णाच्या हितासाठी निष्फळ उपचार थांबविण्याचा निर्णय ज्यांनी घेतला, त्यांनी मनात अपराधभाव बाळगण्याचे कारण नाही. त्यांनी आपल्या माणसाला परमेश्वराच्या हाती सोपविले आहे. आणि ज्यांच्या घरी आज कोणी अंथरुणाला खिळलेले आहे, त्या सर्वांना आमची एकच विनंती आहे : उद्यावर न ढकलता आजच आपल्या धर्मगुरूंना कळवा. रुग्णांचे आरोग्य असे जिला आपण आळवितो ती पवित्र मरिया माता आपल्या सर्व रुग्णांसाठी व त्यांची सेवा करणाऱ्यांसाठी विनंती करो.